भट्टीवरची हाळी

चुलीत मांजर निजलं म्हणजे घरात शिजवायला काही नाही, असं म्हणतात. थोरलीच्या घरी मांजर थेट चुन्याच्या भट्टीतच व्यालं होतं. बाप अंथरुणाला खिळला तेव्हापासून भट्टी थंड होती, आणि तो गेल्यावर कोळसाच मिळेनासा झाला. सगळा कोळसा लढाईकडे वळला होता. माणसं मात्र सवयीनं टेकडीवर जात होती, चुनखडी फोडत होती, आणि भट्टीशेजारचा दगडांचा ढीग नुसताच वाढत होता.

थोरली भट्टीच्या तोंडातून अर्धी आत वाकून पिल्लं काढत होती, तेव्हा मागं मोटार थांबली.

"बिऱ्हाड हलवतेस होय मांजराचं?"

वळून बघायची गरज नव्हती. हा आवाज तिनं पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. पत्रककाका. तरुणपणी त्यांनी दारांच्या फटीतून, पावाच्या पुड्यांतून, शाळेच्या दप्तरांतून पक्षाची पत्रकं वाटली होती. एकदा तर म्हणे झोपलेल्या पोलिसाच्या टोपीत खोचली होती. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव पत्रक ठेवलं. आता त्यांच्या मोटारीला पुढं छोटा झेंडा होता आणि दार उघडायला वेगळा माणूस होता.

"आई म्हणाली, पिल्लांच्या डोळ्यात राख जाते," थोरली म्हणाली आणि शेवटचं पिल्लू पदरात घेऊन बाहेर आली.

"बरं झालं काढलीस. उद्या कोळसा येतोय."

"कुणाकडून?"

"कुणाकडून म्हणजे? आपल्याकडून. सरकारात आता आपला पक्षही आहे, विसरलीस का?"

"विसरायला आधी कुणी सांगायला लागतं, काका. बाबांना ते रेडिओवर कळलं."

पत्रककाकांनी ते कानाआड केलं. भट्टीच्या भिंतीवर हात ठेवून ते उभे राहिले. ही भिंत त्यांनी आणि तिच्या बापानं मिळून रचली होती. ते सांगू लागले. सैनिकांच्या कुटुंबांसाठी वसाहत उभी राहणार आहे, नुसती घरंच घरं. त्यासाठी चुना लागणार, तोही लवकर. "गावातला प्रत्येक माणूस येईल, मी बोललोय. पण तुझ्या बाबांच्या नावानं भट्टी लागली तर लोक मनापासून येतील. आग तू लाव. हाळी तू दे."

हाळी हा या भट्टीचा कायदा होता. चुना तीन तऱ्हेनं बाहेर पडायचा. भिंतीला जाणारा चुना इथंच हौदात पाणी घालून विरवायचे, लोण्यासारखा मऊ झाल्यावर न्यायचे. त्याच्या गाडीवर पोरंही बसून जायची. शेताला जायची ती फक्की. वाऱ्यावर उडायची, तोंडं बांधून भरावी लागायची. आणि तिसरा खड्ड्याला. गुरांत रोग आला की मेलेली जनावरं पुरायला लागायचा तो. ताजा, जळजळीत, दळलेला, कोरडा ठणठणीत. तो नेणाऱ्यांनी वाटेत कुणाला शिवायचं नाही, गोठ्यावरून जायचं नाही. जुन्या मालकाच्या काळात खड्ड्याचं पोतं शेताचं म्हणून गेलं आणि पाठीवर वाहणाऱ्या दोघांची कातडी घामानं सोलून निघाली. त्यानंतर तिच्या बापानं आणि पत्रककाकांनी भट्टी बंद पाडली. मालक वाकला तेव्हा एक गोष्ट कबूल करून घेतली: चुना कुठं चालला हे मोठ्यानं सांगितल्याशिवाय कुणी पाठ वाकवणार नाही. पुढं मालक गेला, भट्टी सगळ्यांची झाली, पण हाळी राहिली. मागच्या लढाईत लष्कराचा माणूस "कुठं चाललाय ते गुपित आहे" म्हणाला, तेव्हा भट्टी विझवून हे दोघं तुरुंगात गेले होते. एकाच कोठडीत.

"भिंतीला ना?" थोरलीनं विचारलं.

"भिंतीला. घरं बांधायचीत म्हटल्यावर आणखी कशाला?"

ते हसले. थोरलीच्या पदरातलं पिल्लू ओरडायला लागलं.

*

कोळसा खरंच आला, आणि माणसंही आली. भट्टी रचायला आत उतरायचं काम मुक्याचं. हा तिचा चुलतभाऊ; जन्मल्यापासून त्याची जीभ टाळ्याला लागली नाही म्हणून गावानं त्याला मुका म्हणायला सुरुवात केली. आत वाकून तो दगडांची कमान बसवायचा आणि तोंड चालूच. वरून बायका टोपल्या द्यायच्या: एक थर दगड, एक थर कोळसा. मोठे दगड मध्ये, बारके कडेला.

"सरकार आपल्याला चुना लावतं हे ऐकून होतो," मुका आतून ओरडला. "आता आपण सरकारला लावतोय, तेही फुकट! बघा, प्रगती म्हणतात ती हीच."

"तू तोंड मिट, कोळसा जाईल," वरून मावशी म्हणाली. मावशी कुणाचीच सख्खी नव्हती, सगळ्या भट्टीची होती.

"गेला तर पोटातनं वाफ निघेल. आगगाडी होईन. सरहद्दीवर जाऊन धाकट्याला घेऊन येईन."

थोरलीनं टोपली द्यायचा हात क्षणभर थांबवला. मुक्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण पुढचे दोन दगड त्यानं न बोलता बसवले. धाकटा, तिचा भाऊ, बाप जायच्या आधी सरहद्दीवर गेला होता. बाप गेल्याचा निरोप त्याला पोचला की नाही हे कुणाला माहीत नव्हतं. त्याच्याकडून काहीच आलं नव्हतं. कुणाकडूनच काही येत नव्हतं. टपाल सुरक्षेसाठी थांबवलंय, असं भोंग्याची गाडी सांगून जायची.

आई रोज बातम्यांच्या वेळी युनियनच्या खोलीत जाऊन बसायची. घरून स्वतःचं स्टूल न्यायची. खोलीतली पुस्तकांची कपाटं भिंतीकडे सरकवून मध्ये सरकारी रेडिओ ठेवला होता. थोरलीनं वाचायला शिकल्यावर त्या कपाटांतली जाड पुस्तकं एकेक करून संपवली होती; बापानं आणून दिलेली, तर काही त्यालाही न समजलेली. पुढं शहरात पुस्तकांच्या दुकानात नोकरी लागली तीही त्याच जोरावर. ती नोकरी सोडून ती बापाच्या उशाशी आली आणि इथंच राहिली. आता कपाटांची दारं उघडायलाही जागा नव्हती.

"काय म्हणाले?" आई परत आली की थोरली विचारायची.

"पुढं सरकलो म्हणाले."

"आणि?"

"आपली हानी किरकोळ."

बाजारात कांदा काय भावानं मिळाला ते सांगावं तशा आवाजात आई हे सांगायची. थोरलीला वाटायचं, म्हातारीला तेवढाच आधार आहे. किरकोळ म्हणजे आपल्यापैकी कुणी नाही. धरून बसू दे. ती पुढं काही विचारायची नाही.

आग तिनंच लावली. पेटतं फडकं काठीला गुंडाळून कमानीखाली सरकवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापाच्या वेळी कुणी टाळ्या वाजवत नसे. आग लागली की माणसं मागं सरून धुराकडे बघायची, कारण धूर काय सांगतो ते बघण्यात शहाणपण होतं. आधी पांढरा, ओला धूर. मग काळा. मग धूर संपून नुसती हवा थरथरायला लागली की दगड भाजायला लागला. भोंग्याच्या गाडीनं मात्र धूर पांढरा असतानाच भाषण सुरू केलं. 'ज्यांनी आयुष्य कष्टकऱ्यांसाठी वेचलं, त्या आपल्या दिवंगत नेत्याची शेवटची इच्छा होती, की ही भट्टी देशासाठी पेटावी.'

थोरलीनं पत्रककाकांकडे पाहिलं. ते धुराकडे बघत होते.

*

भट्टी धगधगत असताना फोटोवाले आले. त्यांच्याबरोबर पुरवठ्याचा साहेब. त्यांनी पांढरे स्वच्छ एप्रन आणले होते, तेही मोजून. फोटो झाल्यावर परत द्यायचे.

"तोंडावरची फडकी काढा," फोटोवाला म्हणाला. "चेहरे दिसले पाहिजेत. आणि फावडं मारताना हसा."

"मागच्या भट्टीची फक्की आहे ती," थोरली म्हणाली. "उडते."

"दोन मिनिटांचं काम आहे ताई. सैनिक तिकडं गोळ्या झेलतात."

बायकांनी फडकी काढली. एप्रन बांधले. मुका हसायला सांगायच्या आधीच हसत होता. फावडी उचलली, कॅमेरा खटखटला, आणि त्याच वेळी वारा फिरला. मावशीनं फावडं टाकून डोळा धरला.

थोरली धावली. मावशीची मान मागं केली, पापणी उलटी करून तेलाचा बोळा आत पिळला. चुन्यावर आधी पाणी घालायचं नसतं, असं भट्टीवर मानायचे. मावशीचं अंग तिच्या हाताखाली कोंबडीसारखं तडफडत होतं.

"हा नको तो फोटो," फोटोवाला सहायकाला म्हणाला. "पण त्याच्या आधीचा छान आलाय."

नंतर तो फोटो युनियनच्या खोलीच्या दारावर लागला. त्यात मावशी हसत होती. खाली लिहिलं होतं: 'घराघरासाठी.' मावशी डोळ्याला पट्टी बांधून तो बघायला आली आणि म्हणाली, "चांगली दिसतेय की मी. दोन डोळ्यांची होते तोवर काढला ते बरं झालं."

एप्रन परत घेताना एक कमी भरला, म्हणून साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. मावशीच्या अंगावरच राहिला होता तो.

*

भट्टी निवली. दगड खाली बसले, हलके झाले, नखानं वाजवले तर भांड्यासारखे वाजायला लागले. उकरायला सुरुवात झाली तेव्हा साहेबांचा माणूस सूचना घेऊन आला. ढेकळं नकोत. भाजलेल्या दगडाची सगळी कळी दळा. बारीक चाळा. ताजी भरा, एक दिवसही उघडी ठेवायची नाही. पोत्याच्या आत मेणकापडाची पिशवी, तोंड दुहेरी शिवायचं. पाण्याचा थेंब लागता कामा नये.

थोरली हौदाजवळ उभी होती. तिनं दोनच दिवसांपूर्वी हौद घासून घेतला होता, विरवणीसाठी.

"विरवायचा नाही?"

"नाही."

"भिंतीला विरवूनच लागतो. जितका मुरेल तितका चांगला. आम्ही इथंच मुरवून देतो, तुमचं काम वाचेल."

"वरून आलंय बाई," तो म्हणाला. "तिकडं विरवतील."

तिकडं विरवतील. असेलही. लांबचा रस्ता, ओला चुना जड पडतो. थोरलीनं स्वतःलाच ते समजावलं. बायकांना दळायला बसवलं. दिवसभर ती मुक्यानं काहीतरी बोलावं याची वाट बघत राहिली. मुका पोती शिवत होता. दाभण आत, दाभण बाहेर. संध्याकाळ होत आली, सगळे तेलानं हात पुसत होते, आणि तिच्या लक्षात आलं की मुका सकाळपासून बोललाच नाही. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मुक्या."

"हं."

"गुरांच्या रोगाच्या वर्षी आपण पोती कशी भरली होती?"

मुक्यानं दोरा दातांनी तोडला. "मी लहान होतो तेव्हा."

"माझ्याहून मोठा आहेस."

"मग तुला आठवतंय की," तो म्हणाला. "मला कशाला विचारतेस?"

दुसऱ्या दिवशी रिकामे ट्रक येऊन रांगेत लागले. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर झाडाखाली बसून भाकरतुकडा खात होता. थोरलीनं त्याला पाणी नेऊन दिलं. ट्रकच्या मागच्या बाजूला फिनेलचा इतका वास होता की डोळे चुरचुरले.

"वसाहत कुठवर आलीय?" तिनं विचारलं.

"कसली वसाहत?"

"घरं."

ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं, मग ट्रककडे, मग परत तांब्याकडे. "मला सडकेवर उतरवून घेतात," तो म्हणाला. "पुढं त्यांचा माणूस चालवत नेतो. परत देताना धुऊन देतात. एवढं चांगलं धुतात की विचारू नका." आणि तांब्यात पाणी उरलेलं असताना तो उठला.

*

पत्रककाका युनियनच्या खोलीत होते. बातम्या संपल्या होत्या, बायका उठून गेल्या होत्या. ते कपाट आणि रेडिओच्या मधल्या बोळात खुर्ची घालून बसले होते.

"ये. चहा सांगू?"

"काका, तो चुना भिंतीचा नाही."

त्यांनी नाही म्हटलं नाही. तिला ते सर्वांत आधी जाणवलं. वाद घालतील, आकडे सांगतील, चिडतील, असं मनात धरून ती आली होती. ते नुसतं दाराबाहेर बघून आले आणि परत बसले.

"तुला कुणी सांगितलं?"

"चुन्यानं."

"मग चुन्यालाच उत्तर दे. मला कशाला विचारतेस?"

"किती आहेत तिथं?"

"मी मंत्री नाही."

"तुम्ही त्यांच्याबरोबर बसता."

"बसतो. म्हणून कोळसा आला. म्हणून हे गाव उपाशी नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "ऐक पोरी. ही लढाई मागच्यासारखी नाही. मागं आम्ही म्हणालो, युद्ध मालकांचं, मरण आपलं. बरोबर म्हणालो. आता समोर कोण आहे बघ. ते आले तर ही खोली राहील का? ही पुस्तकं राहतील? लढताना माणसं मरतात. ती सगळी रोज मोजून सांगितली तर उद्या कुणी उभं राहील का तिकडं?"

थोरलीनं हे सगळं पक्षाच्या पेपरात वाचलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्यातलं काही तिला पटतही होतं. ओझं वाटत होतं ते याचंच.

"पुरायला चुना हवा असेल तर सांगा ना तसं. कोण नाही म्हणेल? पण मला भिंतीला म्हणायला का लावता? बाबांची हाळी आहे ती."

"कारण आता अफवेविरुद्ध कायदा आहे. आणि कायदा राहू दे." ते पुढं वाकले. "खड्ड्याला अशी हाळी तू दिलीस तर पहिलं कोण ऐकेल? तुझी आई. रोज स्टूल घेऊन येते ती. माझ्या समोर बसते. तिला तू भर चौकात ओरडून सांगणार आहेस?"

रेडिओसमोर आई स्टूल ठेवायची त्या जागेकडे थोरलीनं पाहिलं.

"तुझ्या बाबांनी शेवटच्या भेटीत माझा हात धरला होता," काका म्हणाले. "म्हणाले, भट्टी थांबू देऊ नकोस."

ती घरी आली तेव्हा आई उन्हात बसून पिल्लांच्या खोक्यात चिंध्या घालत होती. थोरली शेजारी बसली. बोटांच्या पेरांना चुन्यानं भेगा पडल्या होत्या. आईनं न विचारता तिचा हात मांडीवर घेतला आणि तेल चोळायला लागली.

"आई, पत्रककाका शेवटचे आले होते, तेव्हा तू खोलीत होतीस?"

"मी उशी धरून बसले होते. दुसरं कोण धरणार?"

"बाबा त्यांना काय म्हणाले?"

"काही नाही."

"काहीच नाही? भट्टीचं?"

"अगं, त्याला श्वास कुठं होता बोलायला? तो खोकत होता. बोलत होते ते भावजी." आईनं दुसरा हात ओढून घेतला. "हात धरला होता मात्र. कुणाचा धरलाय ते त्याला कळत होतं की नाही कोण जाणे. माझा म्हणून धरला असेल."

मग तिनं लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का गं?"

"काही नाही. असंच."

सांगायचं ते जिभेच्या टोकावर होतं. थोरलीनं ते गिळलं. आईचा अंगठा तिच्या भेगांवरून फिरत राहिला. भेगा कशा बुजवायच्या ते आईला ठाऊक होतं.

*

भरायच्या दिवशी आभाळ भरून आलं. साहेब घड्याळाकडे आणि ढगांकडे आळीपाळीनं बघत होता. सगळं गाव भट्टीपुढं आलं होतं, कारण भोंग्यानं बोलावलं होतं, आणि ज्यांची मुलं सरहद्दीवर होती त्यांना पुढं उभं केलं होतं. आई तिथंच होती, मावशीच्या शेजारी.

पोत्यांच्या थप्पीसमोर हमाल उभे राहिले. मुका पहिला. पाठीवर घडी घातलेलं गोणपाट. भोंग्याचं भाषण झालं. टाळ्या झाल्या. मग सगळे थोरलीकडे बघायला लागले.

ती थप्पीजवळच्या दगडावर चढली. तिथून सगळ्यांची तोंडं दिसत होती. दोन शब्दांतला एक म्हणायचा होता. पहिला म्हटला असता तर बापाच्या आवाजात खोटं बोलल्यासारखं झालं असतं, आणि उद्यापासून या भट्टीवर कुणी काहीही सांगितलं तरी ते नुसती सरकारी बातमीच ठरली असती. दुसरा म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तिला आईचा पदर दिसला. वाऱ्यानं उडत होता, आणि आईनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

शब्द बाहेर आला नाही.

"हं, ताई," साहेब म्हणाला. "पाऊस येतोय."

कुणी वाकलं नाही.

"उचला रे!"

एकही पाठ हलली नाही. मुका सरळ समोर बघत होता. साहेबाच्या ध्यानात काय चाललंय ते येईना; तो पत्रककाकांकडे वळला. पत्रककाका पुढं आले. टोपी नीट केली, मान वर केली आणि ओरडले, "भिंतीला!"

आवाज अजून खणखणीत होता. मागच्या लढाईत तुरुंगाच्या भिंतीपलीकडं ऐकू गेला होता म्हणतात, तसाच. तो टेकडीवर आपटून परत आला. हमालांनी ऐकला आणि थोरलीकडे बघत राहिले.

"काय प्रकार आहे हा?" साहेब म्हणाला. "एक शब्द बोलायचाय फक्त!"

"खड्ड्याला!"

थोरलीला आधी वाटलं, आपणच बोललो. पण तोंड तर तिचं मिटलेलं होतं. आई गर्दीतून पुढं आली होती. पदर तिनं सोडून दिला होता. म्हातारीचा आवाज चिरका, खालच्या बाजूला फाटलेला. हाळी द्यायची सवय नव्हती तिला.

"खड्ड्याला चाललाय," ती परत म्हणाली, आता ओरडून नाही. "माहीत आहे सगळ्यांना. त्यांना लागणारच तो. पोरं उघड्यावर पडलीत तिकडं. न्यायलाच हवा. पण सांगून न्या."

कुणी रडलं नाही. पुढं उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीनं खाली बसून घेतलं, बस्स. मावशीनं एका डोळ्यानं साहेबाकडे बघत तोंडाला फडकं बांधलं. मग बाकीच्यांनीही बांधलं. थोरली दगडावरून उतरली. म्हणजे आईला कळलं होतं. कधीपासून? किरकोळ म्हणायची तेव्हापासून? रोज त्या रेडिओपुढं ती आधारासाठी बसत होती, की कुठं अडखळतात ते ऐकायला?

मुका वाकला. पोतं पाठीवर घेतलं. इतर वेळी पोतं ट्रकमध्ये धपकन टाकायचे, वर चढलेल्याशी दोन शिव्यांची देवाणघेवाण व्हायची. आज वरचा माणूस गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी पोतं घेत होता आणि हळू ठेवत होता. साहेब भोंग्याच्या गाडीकडे धावला. गाडीनं गाणं लावलं. दोन पोलीस पुढं सरकले, पण माल तर चढत होता. अडवायचं कुणाला ते त्यांना कळेना.

पत्रककाका आईजवळ आले.

"वहिनी, हे बरं नाही केलंत. आता मला काही करता येणार नाही. पोरीचंही नाव जाईल वर."

"जाऊ दे." आई त्यांच्याकडे बघत होती. "भावजी, एक विचारू? एवढंच विचारते. माझा आहे का त्यात?"

काकांचे ओठ हलले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "वहिनी, शपथेवर सांगतो. मला खरंच माहीत नाही."

आईनं त्यांचा चेहरा बघितला. कपाळ, डोळे, तोंडाच्या कडा. चाळीस वर्षं तिनं या माणसाला आपल्या ताटातलं वाढलं होतं. थोरलीही बघत होती. तो खरं बोलत असेल. बहुतेक खरंच बोलत होता. पण ते ओळखायचं कशावरून, हे आता दोघींनाही समजत नव्हतं, आणि त्यांना समजत नाही हे त्याला समजलं होतं.

"बरं," आई म्हणाली.

पहिला ट्रक भरून पुढं निघाला. पावसाचे बारीक थेंब पडायला लागले. "ताडपत्री!" थोरली ओरडली, आणि आई, ती, मावशी, सगळ्या मिळून उरलेल्या पोत्यांवर ताडपत्री ओढायला धावल्या. एक थेंबही लागून चालणार नव्हतं.